पोलक्याच्या काठापर्यंत

२ फेब्रुवारी १९८७
खेड्यापाड्यांत एकट्या नेमल्या गेलेल्या माझ्या नर्सभगिनींनो, ही वही तुमच्यासाठी लिहिते आहे. आपलं दुखणं एकच. आपलं कुणी ऐकत नाही. डॉक्टर म्हणतात, तू नुसत्या गोळ्या वाट. गाव म्हणतं, तू परकी. मी मात्र ठरवून आले आहे, इथे माझं ऐकावंच लागेल.
आज आरे-वाऱ्याच्या अलीकडच्या वाडीत उतरले. चिऱ्याची खोली, पुढे सारवलेलं खळं, लांबून समुद्राचा आवाज. घरमालकीण यमुनाबाईंनी कुळथाची पिठी आणि भात वाढला आणि विचारलं, लग्न केलं नाहीत ते नवऱ्याला भिऊन की सासूला? ठसका लागेपर्यंत हसले.

१० फेब्रुवारी
पुरुष मुंबईला, शेत आणि बागा बायकांच्या अंगावर. घट्ट कासोटा, दिवसभराचा घाम. त्यामुळे अकराजणींच्या कमरेला गजकर्ण, आणि लाजेपायी सगळ्या गप्प. आज देवळाच्या सभामंडपात तासभर बोलले. म्हटलं, रोग अंगाला होतो, अब्रूला नाही. गोळी अर्धवट सोडणारी बाई आपल्या पोरीबाळींना रोग वाटते.
पहिली सगुणा बोलली. पस्तिशीची, नवरा मुंबईला गोदीत, जीभ कोयतीसारखी. म्हणाली, आमच्यात परकी वाढायला आली तर पहिला घास तीच खाते, मग पंगत. तुम्ही आधी खावा, बाय, मग आम्ही. मंडप हसला. मला गजकर्ण नाही, तरी मी त्यांच्यासमोर ग्रिसिओफल्विनची गोळी गिळली.
महिन्याच्या पुड्या घरोघर देऊन ठेवल्या. आता रोज सकाळी विहिरीवर आधी मी, मग त्या.

९ मार्च
कमरेचे चट्टे ओसरले. मुळापासून जावेत म्हणून गोळी चालू ठेवली आहे. सगुणा माझी मुकादम झाली आहे. गंगुबाई एक दिवस चुकली, तर तिला म्हणाली, नवऱ्याचं पत्र आलं की धावत जातेस, गोळीला काय पाय मोडले? मला वाटलं, भाषण फळलं.

२८ मार्च
सगुणा शेतात भाजणीसाठी कवळ, तोडलेल्या फांद्यांचा पाला, पसरत होती. मानेवर आणि दंडांवर नवे चट्टे. लाल, गोल, कडेला कोंडा, मध्ये स्वच्छ. गजकर्ण वर चढलं, असं मी ठरवलं. तिची गोळी दुप्पट केली. ती कुरकुरली, तेव्हा सांगितलं, सोडलीस तर तुझ्या दारात उपाशी बसेन. तिने माझ्या हातावर हात ठेवून शब्द दिला.

६ एप्रिल
चट्टे एकमेकांत मिसळले आहेत. आज तिला पोलकं काढायला लावलं. आतली पाठ कोरी. कमर कोरी. चट्टे पोलक्याच्या काठापर्यंत येतात आणि तिथेच थांबतात, पट्टी ठेवून कापल्यासारखे. खाज नाही.
गजकर्णाला घाम आणि अंधार लागतो. हे उन्हाकडे जातं आहे.

१३ एप्रिल
तिला घेऊन रत्नागिरीला, त्वचेच्या डॉक्टरांकडे. म्हणाले, हा ल्युपस. शरीर स्वतःवरच उलटतं. आपणहून उलटतं, नाहीतर एखादं औषध उलटवतं. कातडीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींत सारखाच दिसतो, रक्तही पुष्कळदा सारखंच. फरक सांगते ती तारीख. औषध आधी की चट्टा आधी? औषध बंद केल्यावर काय होतं? गोळीचा असेल तर काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, फिका पडत जातो. तिचा स्वतःचा असेल तर राहतो, कधी मूत्रपिंडांत उतरतो. आणि आतून असलेल्याला ही गोळी भडकवूही शकते.
त्यांनी तारखा मागितल्या. मी ही वही दिली. वाचून त्यांनी एवढंच विचारलं, अठ्ठावीस मार्चला दुप्पट कुणी केली?
संध्याकाळी विहिरीवर सांगितलं, गोळी बंद. सगळ्यांची. सगुणाने मान हलवली.

१४ एप्रिल
माझ्या डाव्या हातावर तीन चट्टे. घड्याळाचा पट्टा काढला. पट्ट्याखालची कातडी पांढरी, कोरी.

२ मे
माझे फिकट होत आहेत. म्हणजे गोळीच.
सगुणाचे वाढत आहेत. दोघींची गोळी एकाच दिवशी बंद. मग तिचा — तिचा स्वतःचाच असणार. तसं तिला सांगून आले. हा आता जायचा नाही, उन्हात जाऊ नकोस. ती म्हणाली, ऊन सोडून जाऊ कुठे, बाय? तुमच्या ट्रंकेत मावेन का?

९ मे
सगुणाला ताप. पावलं सुजली आहेत, तोंडही. लघवी कालपासून थोडी, चहासारखी. जीपसाठी निरोप धाडला.

११ मे
जीप नाही. उद्या येईल म्हणतात.
यमुनाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पदर बोटाला गुंडाळत होत्या. म्हणाल्या, सांगू की नको, असं झालं होतं. गोळी बंद झाली तेव्हा बाकीच्यांच्या घरी उरल्या होत्या. सगुणाने सगळ्यांकडून मागून घेतल्या.
चट्टे वाढले म्हणून रोज तीन खाते आहे. महिनाभर.
माझ्या सगळ्या तारखा खोट्या. मी तिला ज्याचं नाव सांगून आले तो रोग — माहीत नाही. आता कळणार कसं.
धावत गेले. तांदळाच्या कणगीत हात घातला. पुड्या. अजून पुड्या. ओरडून सांगितलं, या गोळ्यांनीच वाढतंय. ती शांत होती. म्हणाली, दारात उपाशी बसणार होतात ना? एक दिवस चुकले नाही. फेब्रुवारीतली बाय खरी धरू की आत्ताची?

१२ मे
जीपमध्ये. तिचं डोकं मांडीवर. बोलत नाही. लघवी नाही —
रस्ता हलतो आहे, अक्षर —
भगिनींनो, एकच करा. गोळी बंद, असं नुसतं सांगून परत फिरू नका. आज घरोघर जा, डबे उघडा, कणगीत हात घाला, उरलेली प्रत्येक गोळी स्वतःच्या हाताने परत आणा. आपलं ऐकतात. फार ऐकतात. मी विहिरीवर उभी राहून फक्त सांगितलं, आणि ती —