तिसऱ्या यंत्राची मालकी

शिरूर,
रविवार, दि. २२ एप्रिल २००१

सौ. सिंधू हीस अनेक आशीर्वाद.

पत्राच्या आरंभी 'इकडील सर्व क्षेम' असे लिहिण्याची रीत आहे. ते विधान अंशतः खरे असल्यामुळे अंशतःच लिहितो. पाण्याची टाकी धुवून घेतली, दारचा कढीपत्ता जगला आणि माझे वरण अजूनही तळाला लागते.

तुझी चिठ्ठी ज्ञानदेवाने खुटबावहून येऊन स्वहस्ते दिली. चहा घेतला नाही. 'ताईनं सांगितलंय, बसू नको,' म्हणाला. तुझा भाऊ आज्ञाधारक आहे, हे नमूद करतो. चिठ्ठीत तीन प्रश्न आहेत आणि तू बोलतेस तसेच ते लिहिले आहेत : 'तब्येत कशी हाय. गोळ्या घेता का. तिसऱ्या यंत्राचे पैसे कुठून आणले. तिसऱ्याचं उत्तर आलं की मग यायचं का न्हाई ते मी बघीन.' चौतीस वर्षे मी दिवाणी न्यायालयात वकिली केली. इतके आटोपशीर प्रश्न एकाही प्रतिपक्षाने मला विचारले नव्हते.

क्रमाने उत्तरे देतो. तब्येत उत्तम आहे. रक्तदाबाच्या गोळ्या घेतो. गुढीपाडव्याला एक चुकली. तिसऱ्या प्रश्नाकडे येतोच. तत्पूर्वी एक वार्ता सांगितल्यावाचून मला राहवत नाही, आणि ती त्याच विषयाशी संबंधित असल्यामुळे विषयांतराचा आक्षेप घेता येणार नाही.

सिंधू, ते चालले!

तिसरे पिनबॉल यंत्र काल दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी चालले. नुसते दिवे लागले, असे मी म्हणत नाही. दिवे तर फेब्रुवारीतच लागले होते. वजीरभाईंनी मागच्या पेटीतल्या शेवटच्या तारेला डाख दिला, फुंकर मारली आणि म्हणाले, "साहेब, सोडा." मी दांडा ओढून सोडला. लोखंडी चेंडू काचेखालून सरसर वर गेला, कमानीवरून वळला आणि उसळी देणाऱ्या तीन धक्क्यांपैकी पहिल्याला लागला मात्र, घंटा वाजली. तिथून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, पुन्हा पहिल्यावर! तीन घंटांचे तीन सूर आहेत, हे मला कालपर्यंत ठाऊकच नव्हते. आकड्यांची चाके खटाखट फिरू लागली. वजीरभाई पंचावन्न वर्षांचे, गुडघे दुखतात म्हणून जिना चढत नाहीत, ते ओसरीवर अक्षरशः उडी मारून ओरडले, "सुटली! अप लाईन सुटली!"

वजीरभाई पूर्वी दौंडला रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते, हे किती योग्य ठरले ते तुला सांगायला हवे. या यंत्रात चेंडू कुठे आपटला याची खबर तारेने मागच्या पेटीत जाते, तिथे एक लहानसे लोहचुंबक खटका ओढते, आणि त्याप्रमाणे घंटा वाजते, आकडा सरकतो. वजीरभाईंनी पेटी उघडली त्या दिवशीच ते म्हणाले होते, "ह्ये तर आमच्या केबिनचंच लेकरू हाय, साहेब." चेंडू परतवणाऱ्या दोन दांड्यांना ते सिग्नलसारखे 'हात' म्हणतात आणि धक्क्यांना 'बफर'. एकूण छप्पन्न खटके. प्रत्येकाची टोके त्यांनी कानस मारून साफ केली. कुठल्याही फिर्यादीची कागदपत्रे मी इतक्या आस्थेने लावलेली नाहीत.

आवाज ऐकून शेजारच्या धुरपदाबाई आल्या. "वकीलआप्पा, घंटा देवळात असत्यात. तुमी कुठला देव बसवला?" मी म्हणालो, खेळून पाहा. त्यांनी पदर खोचला आणि दांड्यांच्या दोन्ही बटणांवर अशा काही थापा मारल्या, की जणू भाकरीच. चेंडू खाली येईना! वजीरभाई त्यांना सांगत होते, "मावशे, जोरानं ढकलू नका, यंत्राला राग येतो." तसा तो येतोच. यंत्र मर्यादेपेक्षा जास्त हलवले, की ते सारे दिवे विझवते आणि चेंडू काढून घेते. सुनावणी नाही, अपील नाही. मला ही तरतूद फार आवडली. धुरपदाबाईंना नाही. "आता चालू हुतं की! बंद का पडलं मेलं?" असे म्हणत त्या आणखी तीन डाव खेळल्या. जाताना म्हणाल्या, "सिंधूबाई असत्या तर लई हसल्या असत्या."

आता मुद्द्याकडे येतो. हौसेला मोल नसते, अशी म्हण आहे. तिचे दोन अर्थ होतात : हौस अमूल्य आहे, किंवा हौस कवडीमोल आहे. पहिला अर्थ मी धरतो, दुसरा तू. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत तू माझ्या आईला म्हणाली होतीस, "नाव हौसराव, आन् हौस नावालाबी न्हाई." तो शेरा मी छत्तीस वर्षे निमूटपणे वागवला. बासष्टाव्या वर्षी, दौंडच्या एका जुन्या क्लबातील सामानाच्या लिलावात, टेबलटेनिसच्या मोडक्या टेबलाखाली, काच फुटलेले पहिले यंत्र मला दिसले. त्यावर रंगवलेल्या आगगाडीचा रंग उडाला होता, तरी गाडी धावतच होती. मी हात वर केला. आयुष्यात प्रथमच, का, याचे कारण मला देता आले नाही. वजीरभाई तिथेच उभे होते. त्यांनी मला अडवले नाही, म्हणून आमची मैत्री झाली.

ते पहिले यंत्र साडेचार हजारांचे आणि दुसरे सात हजारांचे. दोन्ही माझ्या स्वतःच्या शिलकीतून घेतली. पावत्या कपाटात आहेत, पाहून घ्याव्यात. त्यांवर नंतर झालेला खर्च किमतीच्या दुप्पट आहे, हेही मान्य करतो. तुझ्या शिवणयंत्राचे रबर या दुरुस्तीसाठी मीच काढले होते. उंदराने नेले नव्हते.

तिसरे यंत्र पुण्यातून, बंद पडलेल्या एका खेळघरातून, संक्रांतीच्या आठवड्यात आले. टेम्पो दारात उभा असताना तू विचारलेस, "पैसे?" मी उत्तर दिले, "व्यवस्था झाली."

हे वाक्य तू बारकाईने पाहावेस. त्याला कर्ता नाही. व्यवस्था कोणी केली, कशातून केली, हे त्यात नाही. मी अशिलांना असली वाक्ये शिकवीत असे : खोटे बोलायचे नाही आणि खरेही हाती लागू द्यायचे नाही. तू माझ्याकडे एकवार पाहिलेस आणि टेम्पोवाल्याला पाणी दिलेस.

त्यानंतरच्या शुक्रवारी वजीरभाई नमाजाला गेले असता माझ्याच्याने धीर धरवेना. यंत्राच्या पाठीवर पितळी पट्टी आहे, तिच्यावर ११५ हा आकडा आहे. सारा जन्म सर्व्हे नंबर आणि गट नंबर वाचण्यात गेलेला मी. तो यंत्राचा अनुक्रमांक असावा असे गृहीत धरले आणि वायर भिंतीतल्या प्लगात घातली. तो अनुक्रमांक नव्हता. यंत्राला एकशे पंधरा व्होल्ट हवे होते, मी दोनशे तीस दिले. धूर तुझ्या स्वयंपाकघरापर्यंत आला. मी म्हणालो, "विजेचा दाब वाढला." तो वाढला नव्हता, मी वाढवला. जळालेला ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळून घ्यावा लागला आणि पुण्याला चार खेपा झाल्या. पुढच्याच महिन्यात तू ज्ञानदेवाच्या मुलीच्या लग्नाला म्हणून खुटबावला गेलीस ती परत आली नाहीस. त्याचे कारण मी आजवर धूर समजत होतो. समजत होतो असेही नाही. तसे समजणे सोयीचे होते.

आता कालची हकिगत पुरी करतो. वर ती मी अर्धीच सांगितली.

धुरपदाबाई गेल्यावर आम्ही चहा घेतला. वजीरभाई आनंदात होते. म्हणाले, "आता वहिनींची मशीन आली की तिचीबी मोटर मीच बसवनार." मी विचारले, कसली मशीन? "तुमाला म्हाईत न्हाई? आमची मंडळी खुर्शिद केडगावच्या बाजारात भेटली त्यास्नी. मे महिन्यात तेंची ठेव सुटती म्हनं. शेवयांची मशीन घेनार हायती, मोटरवाली. खुर्शिदला म्हनाल्या, आयुष्यात पयल्यांदा सोताच्या पैशानं कायतरी घेतीय."

मी कप खाली ठेवला.

सिंधू, ती ठेव नाही.

खुटबावच्या जमिनीतील तुझा हिस्सा तू ज्ञानदेवाला सोडून दिलास, तो हक्कसोडीचा दस्त मीच लिहिला होता. भावाने मायेने दिलेले पंचवीस हजार तू जसेच्या तसे माझ्या हाती ठेवलेस. ते मी बँकेत दोघांच्या नावाने, 'दोघांपैकी कोणीही' या अटीवर ठेवले. संक्रांतीच्या आधी मी तिथे गेलो. कारकुनाने विचारले, "बाईंची सही?" मी त्याला नियम दाखवला. नियमाप्रमाणे माझी एकट्याची सही पुरेशी होती. ठेव मोडली. अठरा हजारांचे यंत्र घेतले, उरलेले त्याच्या दुरुस्तीत गेले.

हे मी वजीरभाईंना काल याहून लांब सांगितले. अट सांगितली, नियमाचा क्रमांक सांगितला, कायद्याचा भंग कसा झाला नाही तेही सांगितले. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "साहेब, वकिलीत नका सांगू. मराठीत सांगा."

मी सांगितले, "मी सिंधूचे पैसे तिला न विचारता घेतले."

त्यांनी अवजारांची पिशवी बांधायला घेतली. मी म्हणालो, "वजीरभाई, डावीकडचा हात अजून थोडा ढिला आहे." ते म्हणाले, "असू दे ढिला. आमच्यात एक पद्धत हाय, साहेब. सिग्नल फेल आपल्या हातनं झाला, तर बुकात आपल्याच हातानं लिहायचं. दुसऱ्याला लिहू द्यायचं न्हाई. तुमी वहिनींना लिवा. तवर मी ह्या मशिनीला शिवनार न्हाई." हे पत्र मी पोस्टात टाकतो म्हणालो, तर म्हणाले, "पोस्टात टाकायला तुमी इसरताल. सोमवारी येऊन मीच नेतो." तेव्हा पत्र तुला त्यांच्याकडूनच मिळेल. त्यांना चहा दे. त्यांचा काही दोष नाही. पैसे कुणाचे, हे त्यांना कालपर्यंत ठाऊक नव्हते.

१९७४ साली तू हाताने फिरवायचे शेवयांचे यंत्र मागितले होतेस. मी म्हणालो होतो, वकिलाच्या ओसरीवर शेवयांच्या काठ्या वाळत घालणार काय? अशील बसतील कुठे? १९८८ साली मोटरचे मागितलेस तेव्हाही हेच उत्तर दिले, फक्त अधिक सभ्य शब्दांत. आज त्याच ओसरीवर तीन यंत्रे उभी आहेत आणि धुरपदाबाईंना टेकायला जागा नाही. माझ्या त्या वेळच्या युक्तिवादातला दोष मला सापडला आहे. तो युक्तिवाद नव्हताच. माझी इच्छा नव्हती, एवढेच होते.

म्हणून पुढीलप्रमाणे करीत आहे. शिक्रापूरला हायवेवर हॉटेल काढलेला इंद्रजीत मार्चमध्ये येऊन पहिल्या दोन यंत्रांचे सव्वीस हजार देऊ करून गेला होता. तेव्हा मी त्याला जवळजवळ हाकलले. आज सकाळी फोन केला. तो गुरुवारी टेम्पो घेऊन येतो. पंचवीस हजार तुझ्या एकटीच्या नावे जमा होतील. त्याचा अर्ज सोबत आहे, माझ्या सहीची जागा मी त्यात कुठेही ठेवलेली नाही. वरचे हजार बुडालेल्या व्याजापोटी आहेत. आणखी जे निघेल ते मी भरीन. रंगवलेली आगगाडी जाणार, याचे मला वाईट वाटते. हे लिहिले नसते, तर पुन्हा अर्धेच सांगितल्यासारखे झाले असते.

तिसऱ्या यंत्राविषयी. ज्याच्या पैशाने वस्तू घेतली, वस्तू त्याची, पावतीवर नाव कोणाचेही असो, हे न्यायाचे जुने तत्त्व आहे आणि या प्रकरणी ते माझ्याविरुद्ध जाते. ते यंत्र तुझे आहे. भरपाईचे पैसे आले, तरी ते तुझेच राहील. ठेव, वीक किंवा काढून टाकून तिथे शेवयांच्या काठ्या लाव. तुझ्या इच्छेवर माझी हरकत नाही आणि ती नोंदवलीही जाणार नाही.

ये, असे मी म्हणत नाही. उत्तर आल्यावर ठरवीन, असे तू लिहिले आहेस. उत्तर आले आहे. ठरवणे तुझ्याकडे आहे. मी रोज दुपारी ओसरीवरच असतो.

यंत्राला कुलूप घालून किल्ली या पत्राच्याच पाकिटात ठेवली आहे. ती एकच आहे. कुलूप घालण्यापूर्वी, आज सकाळी, मालकाच्या परवानगीवाचून मी एक चेंडू खेळलो. चार हजार आठशे वीस गुण झाले. तीनही घंटा वाजल्या, सिंधू! कबूल.

तुझ्यापुढे निरुत्तर,
हौसराव