नानचा बांधलेला भाव

प्रिय मेरिम,

ओशमध्ये थंडी उतरली आहे. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याचं ते तुझ्या आईच्या वेळेपासूनचंच.

शेजारच्या साओदत आपाने तंदूर विझवला. तिच्या नानच्या वासाने तुला शाळेच्या वेळी जाग यायची, म्हणून आधी हेच सांगतो. सरकारने नानचा भाव बांधून दिला. पण पिठाचा भाव सीमेपलीकडे ठरतो, तो कोणाच्या बापाचं ऐकत नाही. सुरुवातीला गल्ली खूश होती. पेन्शनवर जगणारी कान्यकेय आजी तर हुकूम काढणाऱ्याला तोंडभरून दुवा द्यायची, आणि खरं सांगू, ते ऐकून मलाही बरं वाटायचं. मग परवडेना म्हणून आपाने नान लहान केला. तपासनीस आला, दंड ठोकून गेला. तिने भट्टी बंद केली, पाठोपाठ बाजारातल्या बाकीच्यांनीही. आता आजी सकाळी रांगेत उभी राहते आणि रिकामी पिशवी घेऊन परतते.

काल आपा रशियात भावाकडे कामाला गेली. फाटकाशी मला म्हणाली, "मास्तर, जन्मभर वर्गात हेच शिकवलंत ना, भाव दाबला की माल पळतो? घ्या, पळाला! आता तुमचं ते खरं झालेलं चहात बुडवून खा." हसत म्हणाली, पण ओढणीने डोळे पुसत होती. घरात येऊन चहा केला, सवयीने दोन पेले काढले, एक परत ठेवला.

इथल्या वर्तमानपत्राने माझ्याकडे लेख मागितला. शुक्रवारी येईल. त्या हुकुमाबद्दल जितकं कडक लिहिता येईल तितकं लिहिलंय. त्याचा मसुदा तू केलास हे मला ठाऊक आहे. गल्लीत कोणाला नाही, आणि लेखातही तुझं नाव नाही. बिश्केकच्या कचेरीत कोणी तो लेख तुझ्यापुढे आपटण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. तू आजीसारख्यांच्या ताटाकडे बघूनच तो हुकूम लिहिलास, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण याच विषयावरून तू भरल्या ताटावरून उठून गेलीस, तेव्हापासून आपण फोनवर नुसतं हवापाणी बोलतो. नवरोजला ये, पोरी. बाबा, तुमचं डोकं फिरलंय, असं तोंडावर सांग. मीही ऐकून घेणार नाही. या घरात माझ्याशी वाद घालायला कोणी उरलेलं नाही.

तुझाच,
बाबा