बाविसावी जागा

४ जानेवारी २०२६, रविवार
नवीन वर्ष चार दिवसांनी जुनं झालं, पण वही आज मिळाली. लिहायला हरकत नाही.

संकल्प: १८ तारखेच्या रविवारी खुशबूला घेऊन झिरीचा डोंगर चढणे. पोरगी पाचवीत होती तेव्हा शब्द दिला होता. नंतर दर रविवारी ड्युटी निघत गेली. आता ती नर्स आहे आणि २० तारखेला दोन वर्षांसाठी जर्मनीला जाते. ११ ला तिचं नागपूरला कागदांचं काम. म्हणजे एकच रविवार हातात.

अडचण पार्किंगची. कुणीतरी त्या डोंगरावरचा सूर्योदय मोबाइलवर टाकला, तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी अख्खं नागपूर आमच्या तुमसरवरून तिकडे जातं. पायथ्याशी बावीस गाड्यांची जागा. तेविसावी गाडी गेटवरून परत. पण ज्याने अकरा वर्षं कंडक्टर आणि पंधरा वर्षं कंट्रोलर म्हणून स्टँडवर एसट्या लावल्या, त्याला बावीस मोटारींचं काय कौतुक. माझी शिट्टी अजून कपाटात आहे.

५ जानेवारी, सोमवार. सकाळी ५.३०
आजपासून रोज पाच किलोमीटर.
५.५०. धुकं फार. समोरचं दिसत नसताना चालणं बेजबाबदारपणाचं. परत आलो.

७ जानेवारी, बुधवार
आठच्या बसने जाऊन जागेची पाहणी केली. बस नाकाडोंगरी गावावरून थेट पायथ्याशी थांबते. सोय चांगली आहे, ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यासाठी.

पार्किंग गावच्या समितीचं आहे. देवकाबाई नावाची एक म्हातारी शिट्टी घेऊन उभी असते. शिट्टी वाजवायची पद्धत साफ चुकीची. मी दुरुस्त करून दाखवली. ती म्हणाली, बरं जी.

बावीस जागा मोजल्या. पहिली, मोहाच्या झाडाखालची, सर्वोत्तम. एका बाजूने आत जायचं, दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर. बाकीच्या एकवीस जागांमध्ये मागे यावं लागतं.

रिव्हर्सची मला अडचण नाही. आवडत नाही, एवढंच. माणसाने पुढे बघून चालावं.

९ जानेवारी, शुक्रवार
शेजारच्या परसरामने वरचा मजला बांधायला घेतला आहे. दिवसभर ठकठक. वर मला विचारतो, यादोरावजी, तुमी बाजारातून आले, अन् गाडी देवळाकडून काहून नेऊन राहिले? मी म्हटलं, आमच्या गल्लीला दोन तोंडं आहेत, एकातून आत आणि दुसऱ्यातून बाहेर, यालाच वाहतुकीची शिस्त म्हणतात. तो हसला. दिवाळीत मी मारुती घेतली तेव्हापासून तो असाच हसतो. जळफळाट.

चालणं: आवाजामुळे झोप अपुरी. उद्यापासून.

११ जानेवारी, रविवार
खुशबू नागपूरला गेली आहे. संधी साधून अंगणात रिव्हर्सचा सराव केला. दोन बादल्या ठेवल्या होत्या. आरशात बादली डावीकडे दिसते म्हणून स्टिअरिंग डावीकडे फिरवावं, तर गाडी तिसरीकडेच. एक बादली गेली. दुसरी जागेवर राहिली, पण तुळशीची कुंडी गेली.

दुर्गा ओसरीतून बघत होती. म्हणाली, अठ्ठावीस वर्षं दुसऱ्याले येऊ द्या येऊ द्या केलं, आता सोताले येऊ द्या. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली म्हणून कुणी काहीही बोलावं असं नाही. शिवाय मी नोकरी सव्वीस वर्षं केली. हिशेब तरी बरोबर करावा.

१२ जानेवारी, सोमवार
खुशबू रात्रीच परत आली. जेवताना म्हणाली, बाबा, आपन बसनं जाऊ नं, आठची गाडी पायथ्यालेच तं थांबते. दुर्गाने लगेच मान डोलावली. कट आहे.

मी स्पष्ट सांगितलं. जन्मभर लोकांना बसमध्ये बसवलं. एक दिवस तरी माझ्या लेकीला माझ्या गाडीतून नेईन. बोलताना आवाज जरा चढला. खुशबूने माझ्या ताटात भाकर वाढली.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत
सणाच्या दिवशी चालू नये असं काही शास्त्र नसेल, पण तिळाचे लाडू खाऊन लगेच चालणंही बरं नाही.

कॅलेंडर बघताना मोठा शोध लागला. १८ ला अमावस्या. अमावस्येला लोक प्रवास टाळतात. म्हणजे पार्किंग अर्धं रिकामं. दुर्गा म्हणते, मंग आपन काहून जाऊन राहिलो? तिला डावपेच समजत नाहीत.

१७ जानेवारी, शनिवार
पुन्हा आठच्या बसने गेलो. मोहाच्या झाडाखाली माझा खांद्यावरचा दुपट्टा अंथरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. सव्वीस वर्षांचा अनुभव सांगतो, खिडकीतून रुमाल टाकला की सीट आपली. भल्याभल्यांनी मानलेला कायदा आहे.

देवकाबाईने विचारलं, हे का एस्टीची सीट होय का जी? मी म्हटलं, तत्त्व तेच. ती बराच वेळ दुपट्ट्याकडे बघत राहिली.

उद्याचं वेळापत्रक लिहून भिंतीला लावलं. निर्गमन ५.००. आगमन ६.१०. शिखर ९.००. शिखरावर मी खुशबूला काही सांगणार आहे. काय ते ठरवलेलं नाही. तिथे पोचल्यावर सुचेल.

१८ जानेवारी, रविवार. सकाळी ५.२५
निर्गमन. उशीर दुर्गामुळे. डबा भरत होती.

६.४०
नागपूरचे लोक अमावस्या पाहत नाहीत, फक्त रविवार पाहतात. मोहाखाली एक लाल गाडी उभी आहे. माझा दुपट्टा झटकून, चार घड्या करून फांदीवर ठेवला आहे. देवकाबाई म्हणते, मी सांगतलं जी त्याईले, पन ते म्हनते, दुपट्टा का टॅक्स भरते का?

एकच जागा उरली होती, बाविसावी. उजवीकडे खडक, समोर नाला. दोघींना आधी उतरवलं, कारण जागा अरुंद. देवकाबाईने शिट्टी वाजवून आत घेतलं. शिट्टी आता बरोबर वाजवते. माझीच शिकवण.

६.५५
डावीकडे, जिथे जागाच नव्हती तिथे, एक पांढरी मोठी गाडी आली आणि अगदी चिकटून लागली. पाठीमागे एक जीप आडवी. नियमात बसत नाही, पण देवकाबाई म्हणाली, लहान लेकरं आहेत त्याईच्यासंग. उजवं दार दोन बोटं उघडतं, मग खडक. डावं दार एक बोट.
खुशबू लांबून हात करत होती. मी काच खाली करून ओरडलो, व्हा पुढे, गाडीचं जरा पाहून येतो.

७.३०
मुद्दाम थांबलो आहे. अशा गर्दीत गाडी सोडून जाणं धोक्याचं.

८.१५
खिडकीतून निघण्याचा प्रयोग. कमरेपर्यंत यशस्वी. देवकाबाईने पाहिलं आणि पुन्हा आत ढकललं. म्हणाली, फसून जासान जी. डिकी जीपला टेकली आहे.

८.४०
खुशबूचा फोन. पहिल्या टप्प्यावर पोचल्या. कुठी आहा बाबा? निघालो म्हटलं. मनाने मी केव्हाच निघालो आहे.

१०.२०
पुन्हा फोन. शिखरावर पोचल्या. वारा ऐकू येत होता. म्हणाली, आमी थांबतो, डबा तुमच्यासंगच खाऊ. मी म्हटलं, पहिला टप्पा पार केला. हे वाक्य तोंडातून कसं निघालं कळलं नाही. निघालं की परत घेता येत नाही. वाक्यालाही रिव्हर्स नसतो.

११.५०
दुसरा टप्पा पार केल्याचं कळवलं. धाप लागल्याचा आवाजही काढला. ऊन थेट काचेवर आहे, त्यामुळे घाम खरा होता.

खायला संक्रांतीचा एक लाडू. डबा वर आहे.

आरशात शिखर दिसतं. मागे पाहायचा आरसा पहिल्यांदाच कामाचा वाटला. वर दोन ठिपके आहेत. त्याच असाव्यात. एक ठिपका सारखा पायवाटेकडे येतो आणि परत जातो.

१.१०
फोन लागत नाही. खरं सांगायला लावला होता. असं आता म्हणतो.

१.४०
ठिपके नाहीत.

३.२५
आरशात खुशबू दिसली. जीपच्या पलीकडे उभी होती, हातात न उघडलेला डबा. माझ्या डोक्याची मागची बाजू बघत होती. मी काच खाली करून म्हटलं, आत्ताच खाली उतरलो.

दुर्गाने सांगितलं. वर तीन तास वाट पाहिली. मग पोरगी दुसऱ्या टप्प्यावर धावत आली आणि तिथे अर्धा तास बसली. वर जाणाऱ्या प्रत्येकाला विचारत होती, तपकिरी स्वेटर घातलेला मानूस कुठी दिसला का? तिला वाटलं, बाबांच्या छातीत दुखलं. खाई पाहून आली. एक एक दगड पाहून आली.

मला वाईट वाटलं. ते इथे लिहून ठेवतो, कारण तिला सांगता आलं नाही.

४.१०
जीप आणि पांढरी गाडी गेली. खुशबू म्हणाली, बाबा, इकडल्या दारानं उतरा. त्याच दाराने आत शिरून चाकामागे सरकली, मान वळवली आणि एका दमात गाडी मागे घेतली. देवकाबाईला शिट्टी वाजवायचीही वेळ आली नाही. कधी शिकली, मी विचारलं. म्हणाली, दोन वर्षं झाली, होस्टेलच्या मोनानं शिकवलं. मंग मले कायले नाही सांगतलं, असं दुर्गाने विचारलं. ती म्हणाली, बाबाले वाईट वाटलं असतं.

डबा परत घरी आला.

१९ जानेवारी, सोमवार
पाय दुखतात. गाडीत आखडले.
परसरामने विचारलं, कसा होता डोंगर? मी म्हटलं, वरून नजारा फार सुंदर. खुशबू दारात बॅग भरत होती. तिने वर पाहिलं आणि पुन्हा बॅग भरायला लागली. तिने पाहिलं नसतं तर बरं झालं असतं.

उद्या तिला विमानतळावर माझ्या गाडीने सोडणार. जाण्याचा रस्ता सरळ आहे.

२० जानेवारी, मंगळवार
सकाळी सहाला परसरामची वाळू आली. ट्रॅक्टरने गल्लीत, गाडीच्या नाकासमोर ओतली. देवळाकडचं तोंड बंद. आता बाहेर निघायचं तर मागे मागे, पार बाजारापर्यंत.

खुशबूने चावी हातात घेतली आणि परत खुंटीला लावली. म्हणाली, मी काढीन जी बाबा, अन् नागपूरपर्यंत नेईनही, पन तिथून तुमी एकटे परत कसे यासान? नागपूरच्या विमानतळाचं पार्किंग आठवलं. बसने जायचं ठरलं. तिने आम्हाला सोबत येऊ दिलं नाही. म्हणाली, स्टँडवरच रडून घेऊ, तिथं रडून परत याले त्रास होईल.

स्टँडवर तोबा गर्दी. मी खिडकीतून दुपट्टा टाकला. तिसरी सीट, खिडकीकडची. सगळ्यांनी मानलं. या महिन्यात पार पडलेला पहिला बेत.

खुशबू बसली. बाहेर पाहत राहिली. मला तिला म्हणायचं होतं की डोंगरावर मी तुला सांगणार होतो, तुझ्याशिवाय घर खायला उठेल. म्हणालो, पाण्याची बाटली वर ठेव.

बस मागे घ्यायची होती. कंडक्टर अजून तिकिटांत अडकलेला. मी मागे गेलो, खिशातून शिट्टी काढली. येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे, येऊ द्या. गाडी एका दमात फलाटावरून निघाली, केसभर इकडे तिकडे नाही. मग ड्युटीवरचा नवा कंट्रोलर आला आणि म्हणाला, काका, बाजूले व्हा, गाडी जाऊ द्या.

झालो बाजूला. गाडी गेली. दुपट्टा तिच्याकडेच राहिला.

दुर्गा पायीच घरी आली, मी तिच्या मागून. दीड किलोमीटर भरले असतील.

खुशबू दोन वर्षांनी येणार. येईल तेव्हा डोंगर आहेच. तोवर मी रिव्हर्स शिकून घेतो. परसरामने वाळू उचलली की लगेच.