वरच्या मजल्यावरचा राक्षस

४ एप्रिल, शनिवार

मिळाली! कुमारांसाठी वेगळी खोली शेवटी मिळाली! भांडून भांडून जीव नकोसा झाला होता. आता मोठी मुलं माझ्या बालविभागात येऊन छोट्यांच्या गोष्टीला दात काढणार नाहीत. त्या खोलीतले वर्तमानपत्रांचे जुने बांधीव गठ्ठे वर गेले – बालविभागाच्या बरोब्बर डोक्यावर. शिपाईमामांची कंबर धरली. "बाई, एकेक गठ्ठा म्हणजे एकेक जावई. उचलायचा आणि वर हूं की चूं करायचं नाही!" साहेबसुद्धा हसले. आमचे ग्रंथपाल हसले म्हणजे दिवस कॅलेंडरवर खुणेचा! त्यांची नात आता शनिवारच्या गोष्टीला येते. तिचं नाव मी प्रश्नबाई ठेवलंय. सारखं का, का, का!

८ एप्रिल, बुधवार

चित्रांच्या पुस्तकांवर पांढरी भुकटी. पुसली. संध्याकाळी परत होती.

११ एप्रिल, शनिवार

गोष्ट ऐन रंगात, आणि वर कर्र... कर्र... मुलं एकदम गप्प. प्रश्नबाई म्हणाली, "वर कोण दात खातंय?" माझ्या जिभेला कुठलं हाड! म्हटलं, "वर एक राक्षस झोपलाय. त्याने दात खाल्ले की आपण टाळ्या वाजवायच्या. मग तो गप्प बसतो." वाजवल्या सगळ्यांनी. आवाज थांबला! योगायोग, दुसरं काय. मग तास संपेपर्यंत नुसतं राक्षस, राक्षस. इतका रंगलेला कार्यक्रम आठवत नाही.

घरी येताना मात्र तो आवाज डोक्यातून जाईना.

१५ एप्रिल, बुधवार

तुळईखाली भिंतीला चीर गेलीय. केसाएवढी. साहेबांना दाखवली. "भिंत जुनी आहे, बाई. पुढच्या महिन्यात वाचनालय बघायला पाहुणे यायचेत, काहीतरी लावून झाका." वाचन-महिन्याचा मोठा चित्रांचा कागद लावला. पुस्तकं सांधायची खळ होतीच, चारही कडांना चांगली चोपडली. आता ओढूनही निघायचा नाही.

चीर दिसेनाशी झाली. खोली कशी छान दिसते.

१८ एप्रिल, शनिवार

दुपारी कुमारांची भुताच्या गोष्टींची बैठक. नवी खोली सोडून मुद्दाम बालविभाग मागून घेतला पठ्ठ्यांनी – "ताई, तिथे आवाज फुकट मिळतात!" पडदे ओढून बसली. नेमकं भूत दाराशी आलं आणि वर कर्र झालं. सगळी आनंदाने किंचाळली.

मी दाराशीच उभी होते. बैठक संपल्यावर दार लावायला गेले तर ते चौकटीत बसेना. कालपर्यंत बसत होतं. खांदा लावून ढकललं, तरी नाही.

२० एप्रिल, सोमवार

कागद फाटलाय! मधोमध, वरपासून खालपर्यंत. कडा जशाच्या तशा चिकटलेल्या. एवढ्या उंचावर कुठल्या मुलाचा हात पोचणार?

घरी सांगितलं. हे म्हणाले, "तुला कुठे खुट्ट झालं की भूत दिसतं." मग जेवताना, ताटातून मान वर न करता – "मुलांना तिथे बसवू नकोस."

२१ एप्रिल, मंगळवार

साहेबांनी कंत्राटदाराला बोलावलं. तो आला, खिशात हात घालून उभा राहिला, एकदा वर बघितलं. "गिलावा आहे हो. माणसासारखा तोही म्हातारा होतो." वरच्या मजल्यावर जायचं नाव नाही! साहेबांना तेवढंच हवं होतं. गठ्ठ्यांचं ओझं वरून खाली आणायचं तर कुमारांची खोली जाणार, मग पाहुण्यांना दाखवायचं काय? "राईचा पर्वत करू नका, बाई." पालथ्या घड्यावर पाणी.

२३ एप्रिल, गुरुवार

आज भांडले. सगळ्यांसमोर. म्हटलं, शनिवारी मुलं त्या खोलीत पाऊल टाकणार नाहीत, मी अंगणात गोष्ट सांगणार. साहेब म्हणाले, "माझी स्वतःची नात बसते तिथे. मला तिची काळजी नाही?" आवाज कापत होता त्यांचा. तिथेच गप्प बसायला हवं होतं मी. पण राग कायम नाकावर! "एवढी खात्री आहे ना, मग तुम्हीच बसा तिथे टेबल टाकून!"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ठीक आहे. मुलं अंगणात. मी आत."

जिंकले मी. मग बरं का वाटत नाही?

२४ एप्रिल, शुक्रवार

खरंच टेबल हलवलं त्यांनी! शिपाईमामा कपाळावर हात मारून गेले. छोट्या छोट्या रंगीत खुर्च्यांच्या मधे हे एवढे उंच गृहस्थ, आणि पाठीमागे तो फाटका कागद. आज फट बोट जाईल एवढी दिसली. दारातूनच म्हटलं, "साहेब, मी रागात बोलले. चुकलं माझं. चला बाहेर." फाइलमधून डोकं न काढता म्हणाले, "सोमवारी नगरपालिकेचा अभियंता येतोय. मीच बोलावलाय. तोवर बसतो. चारचौघांत शब्द दिलाय."

म्हणजे त्यांच्याही मनात शंका आहे! मग हा हट्ट कशाला? माझ्या एका वाक्यापायी? फार भीती वाटते आहे.

उद्या गोष्टीआधी प्रश्नबाईला पाठवते आजोबांना ओढून आणायला. तिला नाही म्हणणार नाहीत. नको – तिला आत नको. मीच जाईन. हाताला धरून आणीन.

२५ एप्रिल, शनिवार

गेले नाही. मुलं लवकर आली, गोंधळ घालायला लागली. म्हटलं, आधी गोष्ट सुरू करू, मध्येच उठून त्यांना आणू.

आवाज झाला तेव्हा माझी पाठ इमारतीकडे होती. वळले तर बालविभागाच्या खिडक्यांतून नुसती धूळ. साहेब आतच होते. मी ओरडले, आणि मागे मुलांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. राक्षसाला गप्प करायला. मीच शिकवलं होतं.

सगळ्यांत जोरात प्रश्नबाई वाजवत होती.