शब्द विचारायचीस तेव्हा

आई,

तू मागच्या पडवीत बिरड्याचे वाल सोलत बसायचीस आणि मी समोर पाटावर. बाबांची इंग्रजी डिक्शनरी तुझ्या मांडीवर उघडी. ओले हात लागू नयेत म्हणून तू पान कोपराने दाबून धरायचीस. सिल्वासात तेव्हा संध्याकाळी इतकं शांत असे की खानवेलची बस वळणावर आली की पडवीत कळायचं. बाबा जमीनमोजणीच्या कामावर सोमवारी तिकडे जायचे ते शनिवारी परतायचे. जाताना शब्दांवर पेन्सिलीने खुणा करून शेजारी उच्चार मराठी अक्षरांत लिहून ठेवायचे. तू मराठी सातवी, इंग्रजी तुला येत नव्हतं. तू नुसता शब्द विचारायचीस, पाढ्यासारखा हेल काढून. मी आधी इंग्रजीत व्याख्या सांगायची, मग समानार्थी शब्द, तेही इंग्रजीच. मराठी अर्थाला बाबांची सक्त मनाई होती. ऑफिसात जुन्या फायली पोर्तुगीज, नवे हुकूम इंग्रजी, आणि दिल्लीच्या साहेबापुढे उभं राहिलं की बाबांची जीभ अडायची. "हिचं तसं व्हायला नको," म्हणायचे. मे महिन्यात मुंबईकडच्या एका कॉन्व्हेंटमध्ये माझी परीक्षा होती. पास झाले तर तिथेच बोर्डिंगात राहायचं होतं.

तुला ते मुळीच मान्य नव्हतं, आणि तू ते लपवलंही नाहीस. "एवढ्याशा पोरीची वेणी कोण घालणार तिथे?" तू विचारलंस. बाबा म्हणाले, "सिस्टर घालतात." "सिस्टरांना स्वतःचे केस तरी असतात का?" एवढ्या लहान पोरीला कुठे पाठवता, म्हणून भिंतीपलीकडून घरमालकीणबाईंनी गुजरातीत तुझी बाजू घेतली, "एटली नानी छोकरीने क्यां मोकलो छो?" बाबा हसले, पण ऐकलं नाही. "मी नाही म्हणते, आणि पुन्हा विचारलंत तरी नाहीच म्हणेन," असं सांगून तू चहा टाकायला गेलीस. तरी सोमवार आला की डिक्शनरी तुझ्या मांडीवर. मला दूर नेणारे ते शब्द तूच मला रोज विचारत होतीस, हे कळायला मला स्वतः आई व्हावं लागलं.

जायचं तर मलाही नव्हतं. पण बाबांना सांगायची छाती नव्हती, म्हणून मी ठरवलं की परीक्षेत गप्प बसायचं. संशय नको म्हणून आतापासूनच थोडं थोडं विसरायला लागायचं. ती संध्याकाळ मला अजून दिसते. तू विचारतेस, "ऑब्स्टिनेट." मी म्हणते, "आठवत नाही." "फ्रूगल." "तेही नाही." तू मान वर करत नाहीस. सालं परातीबाहेर टाकता टाकता म्हणतेस, "ऑब्स्टिनेट. नॉट ईझिली पर्सुएडेड. स्टबर्न, हेडस्ट्राँग, अनयील्डिंग." माझ्याच सुरात, मी श्वास घेते तिथेच श्वास घेऊन.

"तुला कसं येतं?"

"रोज कानावर पडतंय. काल तुलाही येत होतं. आज कुठे गेलं?"

मला रडू येतं. तू विचारतेस, "जायचं नाही ना?" मी मान हलवते.

"मग बाबांना सांग तसं. मी सांगितलं की नाही तोंडावर? येत असून येत नाही म्हणायचं नाही, बाय. एकदा जमलं की सवय लागते त्याची."

मग पदराला हात पुसत तू हळूच विचारलंस, "त्याचा अर्थ काय गं पण?" म्हणजे शब्द सगळे पाठ, आणि अर्थ तुला कुणी सांगितलाच नव्हता. मी म्हटलं, "हट्टी." तू हसलीस. "त्याला एवढे शब्द कशाला? तुझे बाबा दाखवले की झालं."

शनिवारी मी बाबांना सांगितलं. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं. "मी नाही हो शिकवलं. तिचं ती बोलतेय," तू म्हणालीस. मग मला म्हणाले, परीक्षा नीट दे, मग तू म्हणशील तसं. मी येत होतं ते सगळं लिहिलं. निकाल आल्यावर घरात कुणी विषयच काढेना. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मीच म्हटलं, जाते. का म्हटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. नाही म्हणता येतं हे कळल्यावर भीती कमी झाली असावी. तू आत जाऊन माझे फ्रॉक घडी करायला घेतलेस. 'राहा' म्हणाली नाहीस, याचा राग मी बोर्डिंगात कितीतरी दिवस धरला होता.

आता माझी नात शिकायला परदेशी निघाली आहे. लेक रोज फोन करते, "आई, तू सांग तिला नको जाऊ म्हणून, तुझं ऐकेल." मी म्हणते, तुझं तू सांग. नातीला म्हणते, जा, खुशाल जा. खरं तर तिनं जाऊ नये असं मला फार वाटतं, आणि हे मी दोघींपैकी कुणाशीही बोललेले नाही. तुझ्याजवळ तेवढं लिहिते आहे. हा कागद कुणाच्या हाती पडायचा नाही.

वस्तू कुणाला द्यायच्या ते मात्र ठरवलं आहे. डिक्शनरी मागच्या खोलीतल्या भाडेकरूंच्या मुलीला, तिचे वडील खडोलीला कारखान्यात जातात. पितळी समई धाकट्या सुनेला. तुझ्या पाटल्या मी मोडू दिल्या नाहीत. त्यातली एक नातीला द्यायची, ती निघण्याआधी. दुसरी लेकीला, ती विमानतळावरून एकटी घरी आल्यावर.