आईला अख्खं जायचं होतं

मेहरूण, जळगाव
१९ जुलै १९८६

ती. जीवरामभाऊंस,
ख्रिस्तात सलाम. सा. न. वि. वि.

आमचं बरं चाललं आहे. काळजी आईची. साखरेच्या आजारामुळे तिच्या पायाची जखम काळी पडली आहे. डॉक्टर म्हणतात, गुडघ्याखाली पाय काढला नाही तर ती वाचणार नाही. आई ऐकत नाही. म्हणते, मरियामातेला देवाने देहासकट स्वर्गात नेलं, मग मी अर्धी कशी जाऊ? ह्यांनी समजावलं, फादरांनी समजावलं. ती भिंतीकडे तोंड करून पडते. तुम्ही तिचे लाडके. लवकर लिहा.

वहिनींना सलाम. माया असू द्यावी.
तुमची प्रमिला

धुळे
२३ जुलै १९८६

ती. आईस,
शि. सा. न.

शाळेतून निघता येत नाही, म्हणून हे पत्र. प्रमिला वाचेल तेव्हा इकडे तोंड कर.

आई, मरियामातेची कबर उघडली तेव्हा आत नुसती फुलं होती, ही गोष्ट मला तूच सांगितलीस. देवाने तिला जे आधी दिलं, ते आपल्याला शेवटच्या दिवशी, मेलेल्यांना देहासकट उठवताना, देणार आहे. ख्रिस्तासाठी मेलेल्या आपल्या किती हुतात्म्यांना जाळलं, किती जणांना सिंहांनी खाल्लं. त्यांना देव अर्धं उठवेल का? मग तुझा एक पाय त्याला जड आहे का? मला तू अजून हवी आहेस. डॉक्टरांना हो म्हण.

पायांवर डोकं ठेवतो.
तुझा जीवराम

मेहरूण, जळगाव
१६ ऑगस्ट १९८६

चि. जीवराम यास अनेक आशीर्वाद.

आई सांगते आहे, प्रमिला लिहिते आहे. तुझं पत्र मी दोनदा वाचून घेतलं आणि डॉक्टरांना हो म्हटलं. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. शुद्धीवर आल्यावर पहिलं विचारलं, पाय कुठे टाकला. जावई हिलालराव म्हणाले, टाकला नाही, फादरांना विचारून आपल्या कब्रस्तानात पुरला. मग मला बरी झोप लागली.

काल मरियामातेला स्वर्गात नेल्याच्या सणाला जावयांनी मला रिक्षातून देवळात नेलं. तू तिकडे झेंडावंदनात, मी इकडे मिस्सेच्या प्रार्थनेत. सगळे उभे राहिले तेव्हा मी बसूनच गायले. बाहेर शेजारची बेबाबाई माझ्याकडे बघून रडायला लागली. मी तिला म्हटलं, रडू नको माय, मना एक पाय पुढे गया, बाकीनी मी सावकाश येसू.

सूनबाईला आशीर्वाद, नातवंडांना पापा. दिवाळीच्या सुट्टीत सगळे या.
तुझी आई मंजुळाबाई