व्हिसाची खिडकी चालू

माझ्या काळजीखोर आईला,

आधी नमस्कार. फोनवर तू रडतेस आणि मग मलाही रडू येतं, म्हणून लिहिते आहे. मी ठणठणीत आहे.

इथल्या सरकारने अणुचाचणी केल्याचं तू बातम्यांत पाहिलंच असशील. ती फार लांब झाली. आमच्या दूतावासात कपबशीसुद्धा हलली नाही. आपल्या सरकारने निषेध नोंदवून राजदूतसाहेबांना माघारी बोलावलं. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा मात्र मी टेबलाचे खण आवरायला घेतले. आता आपलंही चंबूगबाळं आवरायचं, असंच सगळ्यांना वाटलं. पण दुपारी आदेश आला: मंत्र्यांचे दौरे रद्द, व्हिसाची खिडकी चालू.

खिडकी उघडली तर समोर एकटेच एक गृहस्थ. त्यांची मुलगी आपल्याकडे दिलेली, पहिलं बाळंतपण अगदी तोंडावर आलेलं.

"आज तुम्ही लोक रागावलेले असाल. नंतर येऊ का?" ते दबकतच म्हणाले.

"राग सरकारचा आहे, काका. तुम्ही पासपोर्ट द्या."

शिक्का उमटताच त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "तू एकटी राहतेस? आमचं घर मागच्याच गल्लीत आहे. काही लागलं तर माझ्या बायकोला हाक मार."

बाबांचा गुडघा कसा आहे? दादा माझं तिकीट शोधतोय म्हणे, त्याला थांबव. उद्या खिडकीवर रांग लागणार आहे, आणि शिक्का माझ्याकडे आहे.

तुझी हट्टी
धाकटी